चंद्र, सूर्य आणि पीयूसी

सरकारने दिलेला हक्क किती काळ टिकावा, या प्रश्नाचे भंडारा जिल्ह्यात सापडलेले एक फार जुने उत्तर तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले आहे. पाचव्या शतकातील वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट वैनगंगेकाठच्या पवनीला मिळालेला असून, दान दिलेल्या जमिनीचा उपभोग ‘आचंद्रादित्यकालीय’, म्हणजे आकाशात चंद्र आणि सूर्य असेपर्यंत, घ्यावा असे लिहिण्याची वाकाटकांच्या दानपत्रांत रीत होती. त्याच पवनीच्या रस्त्यावरून आज धावणाऱ्या एखाद्या जुन्या मोटारसायकलच्या पीयूसीचे, म्हणजे ही गाडी मर्यादेपेक्षा जास्त धूर सोडत नाही असे सांगणाऱ्या चिठोऱ्याचे, आयुष्य सहा महिने असते. पंधरा शतकांत राज्यकर्त्यांचा प्रजेवरील विश्वास चंद्रसूर्यापासून सायलेन्सरपर्यंत कसा उतरत आला, हे इतिहासकारांनी शोधावे. प्रजा मात्र या सर्व काळात होती तेथेच राहिली, म्हणजे मिळालेला कागद ट्रंकेत ठेवून तो संपला केव्हा हे विसरत राहिली, आणि प्रस्तुत लेखाचा विषय तेवढाच आहे.

वाकाटक राजे भोळे होते असे मात्र कोणी समजू नये. याच प्रवरसेनाचा अमरावती जिल्ह्यातील चम्मक येथे सापडलेला ताम्रपट एक हजार ब्राह्मणांना गाव दान देतो आणि लगेच पुढे बजावतो की, त्यांनी राजद्रोह करू नये, ब्रह्महत्या, चोरी, व्यभिचार करू नये, युद्धात पडू नये आणि शेजारच्या गावांना त्रास देऊ नये. तसे केल्यास दान परत घेतले जाईल. हल्लीच्या विम्याच्या कागदावर सर्वांत शेवटी मुंगीच्या आकाराच्या अक्षरांत छापलेल्या ‘अटी व शर्ती लागू’ या वाक्याचे कुळ इतके जुने आणि इतके राजेशाही आहे. फरक इतकाच, की त्या काळी हक्क जाण्यासाठी माणसाला निदान राजद्रोहाचे तरी कष्ट घ्यावे लागत. आता नुसता एक गुरुवार उलटला तरी काम भागते.

मुदतसमाप्तीचा अभ्यास करताना दोन घटना वेगळ्या ओळखाव्या लागतात. पहिली म्हणजे कागदाची मुदत संपणे आणि दुसरी म्हणजे ती संपल्याचे कागदाच्या धन्याला कळणे. या दोहोंच्या मधल्या अवधीला अज्ञानसुखाचा काळ म्हणता येईल. या काळात माणूस कायद्याच्या दृष्टीने विनापरवाना, विनाविमा, कधीकधी तर विनाअस्तित्व असतो; स्वतःच्या दृष्टीने मात्र तो सकाळी दाढी करून, खर्ऱ्याची पुडी खिशात टाकून नातेवाइकाच्या साक्षगंधाला निघालेला असतो. अज्ञानसुख संपण्याची जागाही बहुधा ठरलेली असते. घरी कपाट आवरताना ते कधीही संपत नाही. ते राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, लाखनी आणि साकोलीच्या दरम्यान, मागे नवीन साडी नेसलेली पत्नी, पुढे टाकीवर आहेराचे भांडे आणि समोर हात आडवा केलेला पोलीस, अशा स्थितीत संपते.

“लायसन कोठी हाये?”

“हाये न जी.”

“हे तं मागच्या वर्षीच संपलं.”

“असं कसं संपन जी? वापरलंच कोठी? खिशातच तं होतं!”

हा युक्तिवाद वरवर हास्यास्पद वाटला, तरी धान पिकवणाऱ्या मुलखात तो स्वाभाविक आहे. ढोलीतले, म्हणजे बांबूच्या मोठ्या कणगीतले, धान काढल्याशिवाय कमी होत नाही, हा येथील पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. जी वस्तू नीट जपून ठेवली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, देवघराच्या मागे ठेवली आणि दसऱ्याला हळदकुंकूही लावले, ती आपोआप संपावी यात निसर्गाचा काही नियम दिसत नाही. याच समजुतीतून लॅमिनेशनचा धंदा चालतो. कागदावर पारदर्शक प्लॅस्टिक चिकटवले की त्याला वैनगंगेच्या पुरापासून संरक्षण मिळते. पण आत छापलेल्या तारखेलाही तेच संरक्षण मिळून ती अधिकच स्पष्ट वाचता येते, हे दुकानदार सांगत नाही.

वाहन चालवण्याच्या परवान्याची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा असून तो १ जुलै १९८९ रोजी अमलात आला, आणि त्याने साध्या गाड्यांचा परवाना २० वर्षे किंवा वयाची ५० वर्षे, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत दिला. शिवाय मुदत संपल्यावरही ३० दिवस परवाना जिवंत धरण्याची दयाबुद्धी त्यात होती. २०१९ च्या दुरुस्तीने ते तीस दिवस काढून घेतले आणि वयाप्रमाणे नवे टप्पे पाडले. तिशीच्या आतल्या माणसाला चाळिशीपर्यंत, तीस ते पन्नासच्या माणसाला दहा वर्षे, आणि पंचावन्न ओलांडलेल्याला एका वेळी पाचच वर्षे. नूतनीकरणासाठी, म्हणजे संपलेल्या कागदात पुन्हा प्राण फुंकण्यासाठी, मुदतीच्या आधीचे एक आणि नंतरचे एक अशी दोन वर्षे मिळतात. दोन वर्षे हा अवधी एक काम करण्यासाठी भरपूर असला, तरी तेच काम न करण्यासाठी तो अपुरा पडतो, असे अनुभवास येते. तो उलटला की अर्जदाराला गाडी चालवता येते की नाही, याची परीक्षा नव्याने द्यावी लागते.

परीक्षेला उभा राहणारा हा अर्जदार सामान्य माणूस नसतो. त्याने वीस वर्षे एकाच मोटारसायकलवर धानाचे दोन कट्टे, एक पत्नी, दोन मुले आणि उन्हाळ्यात एक पंखा बांधीच्या अरुंद धुऱ्यावरून, म्हणजे धानाच्या खाचराच्या बांधावरून, सुखरूप वाहून नेलेला असतो. तो येथे पहिल्यांदा जमिनीवर आखलेल्या इंग्रजी आठच्या आकड्यासमोर येतो आणि आयुष्यात प्रथमच त्याचे हँडल थरथरते. जुन्या परवान्यावरील छायाचित्रात भरगच्च केस असल्यामुळे तो तोच आहे की नाही, याविषयी खिडकीवर आधीच थोडी चर्चा झालेली असते. चाळिशी ओलांडल्यामुळे दृष्टी, श्रवण आणि हातपाय शाबूत असल्याचे डॉक्टरचे प्रमाणपत्रही जोडलेले असते. अशा सर्व बाजूंनी सिद्ध झालेला माणूस आठाच्या कमरेपाशी येऊन डावा पाय जमिनीला लावतो.

“पाय टेकला. नापास.”

“साहेब, पाय माझाच तं हाये.”

यानंतर शिकाऊ परवाना येतो. तो सहा महिने चालतो, पक्क्या परवान्याची चाचणी तीस दिवसांनंतरच देता येते, आणि मधल्या काळात गाडीला ‘एल’ हे अक्षर लावून, सोबत पक्का परवाना असलेला शिकवणारा बसवावा लागतो. ज्या मुलाला बापाने याच गाडीवर, याच गावच्या तलावाच्या पाळीवर, पाठीत धपाटे घालून गिअर टाकायला शिकवले, तो मुलगा आता कायद्याने गुरू होऊन मागे बसतो, आणि “बाबा, क्लच दाबा न… दाबा म्हणतो न!” अशा सुरात वीस वर्षांपूर्वीचे धपाटे व्याजासह परत करतो. मुदत विसरल्याची एवढी मोठी शिक्षा कायद्याच्या पुस्तकात कोठेही छापलेली नाही.

गाडीच्या विम्याचे शास्त्र याहून सूक्ष्म आहे. त्यात ‘नो क्लेम बोनस’ नावाची एक सवलत असते. वर्षभरात भरपाई मागितली नाही, तर पुढच्या वर्षी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीच्या हप्त्यात सूट मिळते. ती २० टक्क्यांपासून चढत जाऊन पाच वर्षांनी ५० टक्क्यांवर पोहोचते. पण मुदत संपून ९० दिवस उलटले की ही सारी पुण्याई धुऊन जाते. पाच वर्षे म्हशी, डुकरे, ऊस आणि रेतीचे ट्रक चुकवून मिळवलेले पुण्य एक्क्याण्णव दिवसांच्या विसराळूपणात जाते, ही कल्पना पुराणातल्या एखाद्या तपस्व्यालाही ओळखीची वाटली असती. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा आणि नव्या मोटारीला तीन वर्षांचा त्रयस्थ विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे जे नुकसान होईल त्याची हमी, एकदमच घ्यावा लागतो. दरवर्षी विसरण्याचा लोकांचा त्रास वाचावा, असा यामागे हेतू असेल तर तो सफल झाला आहे. पाच वर्षे इतकी निश्चिंत जातात, की त्या अवधीत विम्याची तारीख, तो काढून देणारा मुलगा आणि गाडी विकणारे दुकान ही तिन्ही जागची हललेली असतात.

आयुर्विम्यात माणसाचा स्वभाव अधिक खुलतो. भारतीय आयुर्विमा महामंडळ १९५६ साली स्थापन झाले, आणि तेव्हापासून मराठी घरात विमा हा विकत घेण्याचा पदार्थ नसून भाच्याला, साळ्याला किंवा वर्गमित्राला टाळता न आल्याने पदरात पडणारा संस्कार आहे. हप्त्याची तारीख चुकली तर काही दिवस जास्तीचे मिळतात. त्यांना कागदोपत्री ‘अनुग्रह काळ’ असे नाव आहे. गुरूचा अनुग्रह जन्मभर पुरतो, विम्याचा तीस दिवस, आणि हप्ता दरमहा असेल तर पंधराच. त्यानंतर पॉलिसी ‘लॅप्स’ होते, म्हणजे बंद पडते. बंद पडलेली पॉलिसी पहिला हप्ता थकल्यापासून पाच वर्षांच्या आत थकबाकी आणि व्याज भरून पुन्हा चालू करता येते, आणि तेव्हा भाचा व मामा यांच्यात पुढीलप्रमाणे चर्चा होते.

“चार वर्षांचे हप्ते भरा लागतीन मामा.”

“चार वर्षांत मी मेलो काय?”

“नाही.”

“मंग कंपनीचा काय खर्च झाला? उलट मलेच काही परत भेटाले पायजे.”

न मरण्याबद्दल सूट मागणारा हा ग्राहक अखेर थकबाकी भरायला तयार होतो. पण पॉलिसी पुन्हा चालू करण्यासाठी ‘माझी प्रकृती उत्तम आहे’ असे घोषणापत्रही त्याला द्यावे लागते. ते देण्यासाठी कामाच्या दिवशी शाखेत जाणे भाग असल्याने तो कार्यालयात आजारपणाची रजा टाकतो, आणि एकाच दिवशी, एकाच सहीने, दोन ठिकाणी दोन प्रकृती नोंदवतो.

येथवर वर्णिलेले कागद माणसाजवळ काहीतरी आहे असे सांगणारे होते. उत्पन्नाचा दाखला त्याच्याजवळ काही नाही असे सांगतो, आणि म्हणून तो अधिक काळजीपूर्वक तपासला जातो. या दाखल्याची मुदत साधारणपणे ३१ मार्चला संपते. याचा अर्थ असा, की तुमसर किंवा लाखांदूर तालुक्यातील शेतमजूर ३१ मार्चच्या रात्री गरीब म्हणून झोपतो आणि १ एप्रिलच्या सकाळी त्याच्या गरिबीला कोणताही पुरावा उरत नाही. सलग चाळीस वर्षे गरीब असलेल्या माणसालाही या बाबतीत ज्येष्ठतेचा लाभ मिळत नाही. दर वर्षी त्याने नवशिक्यासारखे रांगेत उभे राहायचे असते. जूनमध्ये मुलांच्या प्रवेशाचे दिवस आले, की नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे मागासवर्गातील कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र, रहिवासी दाखला आणि उत्पन्नाचा दाखला अशा तिन्ही नद्यांना सेतू केंद्रावर एकदम पूर येतो. केंद्राला सेतू हे नाव देणाऱ्याने पलीकडचा काठ कोणता, हे मात्र सांगून ठेवलेले नाही. दाखल्यासाठी ज्याचा अहवाल लागतो त्या अधिकाऱ्याला विदर्भात पटवारी म्हणत, पुढे तलाठी हे नाव रुळले आणि २०२४ मध्ये शासनाने त्याचे ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे नामकरण केले. तीन नावे झाली, तरी खोलीला कुलूप एकच आहे, आणि “साहेब दौऱ्यावर हायेत” हे उत्तरही पटवाऱ्याच्या काळापासून नूतनीकरणावाचून चालत आले आहे.

सर्व दाखल्यांचा मुकुटमणी मात्र हयातीचा दाखला होय. निवृत्तिवेतन घेणाऱ्या माणसाने आपण जिवंत आहोत हे वर्षातून एकदा सिद्ध करायचे असते, आणि त्यासाठी बहुतेक सरकारी निवृत्तांना नोव्हेंबर महिना नेमून दिलेला आहे. भंडारा जिल्ह्यात याच सुमारास धानाची कापणी चालू असते. त्यामुळे एकीकडे शेतात धान आडवे होत असते, तर दुसरीकडे जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतले निवृत्त कामगार आणि जिल्हा परिषद शाळांचे निवृत्त गुरुजी बँकेच्या दारात उभे असल्याचे सिद्ध करत असतात. हा दाखला एखाद्या वर्षी राहून गेला, तर निवृत्तिवेतन थांबते, आणि मग बँकेच्या खिडकीवर अस्तित्वाविषयी फार खोल बोलणी होतात.

“गुरुजी, मागच्या वर्षी तुम्ही हयात दिसत नाही.”

“यंदा आहे ना?”

“यंदा आहात. पण मागच्या वर्षी नव्हतात, तर यंदा कुठून आलात?”

गुरुजींनी छत्तीस वर्षे मुलांना हातचा धरायला शिकवलेले असते. पण मागच्या वर्षाचा हातचा स्वतःच धरायचा राहून गेल्याने पुढचा प्राण जुळत नाही, हे त्यांना पटते आणि ते मुकाट्याने अर्ज लिहायला बसतात. अर्जाचा विषय ते सवयीने सुवाच्य अक्षरात लिहितात: ‘मागील वर्षी जिवंत असल्याबाबत’.

हे हेलपाटे वाचावेत म्हणून केंद्र सरकारने १० नोव्हेंबर २०१४ रोजी ‘जीवन प्रमाण’ ही सोय सुरू केली. यंत्रावर अंगठा ठेवायचा, तो आधारच्या नोंदीशी जुळला की माणूस जिवंत ठरतो. भंडारा जिल्ह्यापुरती एक अडचण कोणाच्या ध्यानात आली नव्हती, ती म्हणजे येथील अंगठे. बिडी हा या भागाचा जुना उद्योग आहे; तेंदूची पाने कात्रीने कापून, त्यात तंबाखू भरून, ती अंगठ्याने वळता वळता हजारो बायकांच्या अंगठ्यावरच्या रेषा तंबाखूबरोबर झडून गेल्या. ज्यांचे अंगठे विडीवरून सुटले त्यांचे धानाच्या रोवणीत गेले. १९९५ च्या कामगार निवृत्तिवेतन योजनेत सप्टेंबर २०१४ पासून किमान १००० रुपये दरमहा मिळतात; ते ज्या अंगठ्याने कमावले, नेमका तोच अंगठा ते मिळू देत नाही. मग तो पदराला पुसला जातो, केसांच्या तेलाला लावला जातो, त्यावर फुंकर घातली जाते आणि शेवटी “आजी, दुसऱ्या हाताचा द्या” असे सांगितले जाते. जणू आजीने हा अंगठा शेजारणीकडून उसना आणला होता.

यावर चेहरा ओळखणारे ॲप निघाले, आणि ते खरोखर उपयोगी आहे. मोबाइल समोर धरायचा आणि छायाचित्र नसून जिवंत माणूस आहे हे यंत्राला पटावे म्हणून पापण्या लववायच्या, इतकेच त्यात करायचे असते. मोहाडी तालुक्यातल्या एखाद्या अंगणात हे घडताना कसे होत असेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

“आजी, डोळे मिचकवा.”

“काऊन?”

“मिचकवल्याशिवाय पेन्शन येत नाही.”

“बाप्पा! या वयात पोराले डोळा मारू काय, हजार रुपयांसाठी?”

नागरिकांच्या विसराळूपणाची एवढी उदाहरणे दिल्यावर, सरकार तरी तारखा पाळते काय, असा प्रश्न कोणीही विचारील. आणि येथेच ‘मुदतवाढ’ या थोर मराठी संस्थेकडे वळावे लागते. मुदतवाढ म्हणजे शेवटची तारीख जवळ आल्यावर तिला आणखी शेवटची करणे. पीक विम्याची खरिपाची अखेरची तारीख ३१ जुलै धरली जाते, आणि रोवणी ऐन भरात असताना, गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला सर्व्हर बंद असल्याची वार्ता कळते. २०२३ मध्ये एक रुपयात पीक विमा सुरू झाला तेव्हा ही तारीख ३ ऑगस्टपर्यंत गेली. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी, म्हणजे सहज बदलता न येणारी नंबरप्लेट, बसवण्याची तारीख ३१ मार्च २०२५ होती. ती ३० जून, १५ ऑगस्ट, ३० नोव्हेंबर अशी सणावारांच्या अंगाने पुढे सरकत गेली. जो नागरिक पहिल्या तारखेच्या आत पाटी बसवून मोकळा झाला, त्याची गावात चेष्टा झाली. महासाथीचा काळ तर मुदतवाढीचा सुवर्णकाळच मानावा लागेल. १ फेब्रुवारी २०२० नंतर संपलेले गाडीचे कागद प्रथम ३० जून २०२० पर्यंत चालू मानले गेले, मग सप्टेंबर, मग डिसेंबर, मग पुढच्या वर्षाचा मार्च, जून आणि सप्टेंबर. अज्ञानसुखाच्या काळाला सरकारी परिपत्रकाने राजमान्यता मिळण्याचा हा बहुधा एकमेव प्रसंग असावा.

लोकप्रतिनिधींचाही परवाना पाच वर्षांचाच असतो. २०१५ साली निवडून आलेल्या भंडारा जिल्हा परिषदेची मुदत २०२० मध्ये संपली, आणि पुढची निवडणूक डिसेंबर २०२१ व जानेवारी २०२२ अशा दोन टप्प्यांत पार पडली. तोवर कारभार प्रशासकाने पाहिला. ज्या परिषदेच्या शाळेतील गुरुजींना मागच्या वर्षी कुठे होतात असे विचारले जाते, ती परिषदच दीड वर्ष हयातीच्या दाखल्याविना होती, ही गोष्ट गुरुजींच्या कानावर घातल्यास त्यांना थोडे बरे वाटेल. पवनी तालुक्यातील गोसीखुर्द धरणाची कथा याहून सरस आहे. त्याचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले, आणि त्याच वर्षी मोटार वाहन कायदाही झाला. ज्या तरुणाने १९८९ मध्ये विशीत वीस वर्षांचा परवाना काढला, त्याचा परवाना २००९ मध्ये संपला. त्याच २००९ मध्ये गोसीखुर्दला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला, म्हणजे दोघांचेही नूतनीकरण एकाच वर्षी झाले. तरुणाला वाढीव मुदतीत चष्मा लागला आणि नातवंडे झाली. प्रकल्प पूर्ण करण्याची तारीख मात्र अजून तरुण आहे, कारण तिला दरवेळी नवे वर्ष लाभत गेले.

मुदत नसलेला हक्क या जिल्ह्याने कधी पाहिलाच नाही असे नाही. येथील मालगुजारी तलावांच्या, म्हणजे गोंड राजांच्या काळापासून कोहळी आणि इतर शेतकऱ्यांनी बांधलेल्या व पुढे मालगुजार या जमीनधाऱ्यांकडे आलेल्या तलावांच्या, पाण्यावरील गावाचे हक्क ‘वाजिब-उल-अर्ज’ या गावच्या वहिवाटींच्या नोंदवहीत लिहिलेले असत. त्या नोंदीवर शेवटची तारीख नव्हती. तिचे नूतनीकरण उन्हाळ्यात गाळ काढून आणि पाळीवर माती टाकून होई. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि पाळीवर माती कोणी टाकायची हा प्रश्न फाईलमध्ये गेला. फाईलला मुदतवाढ मिळत राहिली. गाळाने मात्र कधी मुदतवाढ मागितली नाही. तो दर पावसाळ्यात ठरल्या वेळी हजर झाला.

मुदत पाळण्याचे एवढे शास्त्र मांडणाऱ्या प्रस्तुत लेखाच्या लेखकाने स्वतःचे कागद तपासून पाहिले असता, त्याच्या मोटारसायकलची पीयूसी आठ महिन्यांपूर्वी संपल्याचे आढळले. तो तातडीने पीयूसी केंद्रावर गेला, तर तेथे मोबाइलवर येणारा ओटीपी, म्हणजे एकदाच वापरायचा सांकेतिक अंक, मागण्यात आला. ओटीपी येईना, कारण मोबाइलचा अठ्ठावीस दिवसांचा ‘महिना’ आदल्या रात्री संपला होता. रिचार्ज करावे तर बँकेच्या कार्डावरची तारीख मागच्या महिन्यात उलटलेली होती. कार्ड नवे मागावे तर केवायसी, म्हणजे ग्राहक ओळखीचा असूनही त्याची पुन्हा ओळख करून घेण्याचा विधी, थकला होता. बँकेने चालू मुदतीचे ओळखपत्र मागितले, तेव्हा लेखकाने अभिमानाने वाहन परवाना पुढे केला, आणि खिडकीतल्या भगिनीने तो पाहून अत्यंत हळुवारपणे विचारले, “हा तुमचाच हाये न जी? कारण हा तं संपला.” अशा रीतीने लेखक घरी परतला, तेव्हा त्याच्याजवळ चालू मुदतीची एकच वस्तू शिल्लक होती, आणि ती म्हणजे फ्रीजमधले दही, तेही पत्नीने वास घेऊन आदल्या दिवशीच बाद ठरवले होते.

या अनुभवानंतर लेखकाच्या मनात पवनीच्या ताम्रपटाविषयी आदर दुणावला. ज्या दानाची मुदत चंद्रसूर्याइतकी, त्याला ना पीयूसी ना केवायसी, असे त्याला वाटले. परंतु थोडा विचार करता तेही तितके सोपे नसल्याचे ध्यानात आले. समजा, त्या दानाचा एखादा खरा वारस तो तांब्याचा पत्रा काखेत मारून आज एखाद्या सेतू केंद्रावर गेला, तर खिडकीतला माणूस तो पत्रा उलटसुलट करून पाहील, वजन जोखील आणि शांतपणे विचारील, “मूळ प्रत तं हाये, झेरॉक्स कोठी हाये?” झेरॉक्स दिली की तो मुदतीच्या ओळीवर बोट ठेवील. चंद्र आणि सूर्य असेपर्यंत, असे तेथे लिहिलेले असेल.

“मंग बराबर हाये न जी? दोघंही हायेत की वरती.”

“हायेत म्हणून कसं चालंन? दोघांच्या हयातीचा दाखला लागंन. नोव्हेंबरात घेऊन या. आणि चंद्राले पौर्णिमेलेच आना, नाही तं चेहरा जुळत नाही.”